भिंतीपलीकडचं पेट्रोल

१

दुपटी लवकर वाळतात, हे आधी दगडाबाईच्या लक्षात आलं.

१९७४ सालचा जानेवारी होता. अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढं डोंगरात आमचा छोटा दवाखाना होता. संगमनेरहून डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे सहा दिवस बाळंतपणं माझ्या अंगावर. मी तिथली सिस्टर, नाव दीना. दगडाबाई आमची आया. त्या थंडीत सकाळी नऊपर्यंत धुकं हलत नसे आणि व्हरांड्यातल्या दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस ओलेच राहत. एके दिवशी दगडाबाईनं कंटाळून बाळंतपणाच्या खोलीत, आतल्या भिंतीलगत दोरी बांधली. तासाभरात सगळी दुपटी खडखडीत वाळली.

तिला त्याचं फार कौतुक वाटलं. दोन दिवसांत तिनं पाळणेही त्या भिंतीशी सरकवले. पोरं गपगार झोपू लागली. मीही बरं म्हटलं आणि कामाला लागले.

चौथ्या दिवशी चिमटे उकळायला ठेवून मी स्टोपाशी उभी होते. दमले होते, म्हणून पाठ भिंतीला टेकली आणि लगेच बाजूला झाले. भिंत दगडी, दीड हात जाडीची. ती आतली, छपरावर आंब्याची सावली. वर्षातून एकदाही तिला ऊन लागत नाही. मी तळहात लावून पाहिला. तापलेल्या दगडाची ती ऊब नव्हती. निरोगी माणसाच्या पाठीला हात लावल्यावर लागते, तेवढीच.

भिंतीपलीकडं कोठीची खोली होती. तिच्यात पेट्रोलची तीन पिंपं होती. आणि अलीकडं, सहा हातांवर, माझा पेटता स्टो.

२

तशीच मी सुपरिंटेंडंट साहेबांकडं गेले. आमोस उजगरे त्यांचं नाव. माणूस टापटिपीचा, कागदावर एक डाग खपवून न घेणारा. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला असे. मी सांगितलं की भिंत गरम झाली आहे, पिंपं तिथून हलवा, आजच्या आज. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं की थर्मामीटर लावून पाहिलंत का. मग म्हणाले की स्टोच्या धगीनं भिंत तापत असेल, स्टो हलवा.

स्टो मी हलवला. भिंत तशीच राहिली.

त्या पिंपांवरून मी आधीही दोनदा भांडले होते. बाहत्तरच्या दुष्काळात ती आली. तेव्हा जीप गावोगाव पाणी आणि दूधभुकटी वाटत फिरत होती, म्हणून नगरहून पेट्रोल आणून साठवलं. पेट्रोल साठवायचं तर वस्तीपासून लांब, वारा खेळता हवा, जवळ आग नको. एवढं आमच्या ड्रायव्हरला, गहिनीनाथलाही कळत होतं. साहेबांना मात्र कुलूप लागणारी खोली पाहिजे होती, आणि तशी एकच होती.

मग त्र्याहत्तरचा एप्रिल आला.

चांगुणा नावाची बाई दोन दिवस अडून आमच्याकडं आली. सोबत तिची सासू राहीबाई. संगमनेरला नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जीपच्या टाकीत तळाला थोडंसं पेट्रोल. साहेब बैठकीसाठी नगरला गेलेले, किल्ली त्यांच्याबरोबर. गहिनीनाथनं पहार आणली आणि कुलपात घातली. मीच त्याला थांबवलं. साहेब रागावतील म्हटलं. अकोल्यापर्यंत पुरेल एवढं आहे, तिथं कुणाकडं तरी मागून घेऊ म्हटलं.

विठ्याच्या घाटात जीप थांबली. भर दुपार होती. अडीच तास एकही गाडी आली नाही. चांगुणा माझ्या मांडीवर गेली, मूल पोटातच राहिलं.

साहेबांनी अहवाल लिहिला. वाहनातील बिघाडामुळे विलंब, असं त्यात होतं. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. त्या सहीबद्दल नऊ महिने मी स्वतःला कारणं देत आले होते आणि त्यातलं एकही मला पटलं नव्हतं. साहेबांचा राग यायचा, पण त्या रागाला कुठं बोट ठेवायला गेलं की ते माझ्याच अंगावर यायचं. त्यानंतर ती पिंपं कुणी उघडली नव्हती.

३

त्या हिवाळ्यात पेट्रोलचे भाव एकदम चढले. संगमनेरच्या पंपावर रांगा लागायच्या, कधी ‘पेट्रोल नाही’ अशी पाटीच लावलेली असे. साहेबांना पिंपांची आठवण झाली. त्यांनी गहिनीनाथला बोलावून सांगितलं की साठ्यातलं पेट्रोल वापरायला काढ.

कोठी उघडली तेव्हा मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. गहिनीनाथनं पान्यानं पहिल्या पिंपाचं बूच सैल केलं, नळी घालून बाटलीभर पेट्रोल काढलं आणि बाहेर उजेडात धरलं. कोऱ्या चहासारखा रंग. वासही पेट्रोलचा नव्हता. सुतार लाकडाला पॉलिश करतो तसा जड, आंबूस वास. त्यानं कागदावर थेंब सोडला. चांगलं पेट्रोल क्षणात उडून जातं, मागं काही उरत नाही. हा थेंब उडाला तेव्हा कागदावर पिवळं, चिकट कडं राहिलं.

"साहेब, ह्ये शिळं झालं," गहिनीनाथ म्हणाला. "ह्याचा डिंक हुतो. कारबोरेटरमदी बसला की गाडी कुटं बी हुबी ऱ्हाईल. चढाला तर नक्कीच."

साहेब म्हणाले की गाळून घे आणि नव्यात निम्मं मिसळ. एवढं पेट्रोल टाकून देण्याइतका दवाखाना श्रीमंत नाही.

 बाटली खाली ठेवताना थोडं गहिनीनाथच्या हातावर सांडलं आणि तो तसाच थबकला. मग त्यानं हात माझ्यापुढं केला. मला कळेना. त्यानं बाटलीतला एक थेंब माझ्या मनगटावर सोडला.

पेट्रोल अंगावर पडलं की गार लागतं. ज्यानं एकदा हात बुडवलाय त्याला हे सांगावं लागत नाही. कडक उन्हातही ते गारच लागतं. हा थेंब कोमट होता. बाळाला दूध पाजण्याआधी मी मनगटावर थेंब टाकून बघते. बरोबर तेवढा.

साहेबांना म्हटलं, बघा हात लावून. ते म्हणाले की त्यांना बैठकीचे कागद करायचे आहेत.

४

आवाज त्याच आठवड्यात सुरू झाला.

भिंतीपलीकडून एकदाच, टण्ण. मग शांत. गहिनीनाथला विचारलं तर म्हणाला, पिंपाचा पत्रा असतो तो. उन्हानं आतली वाफ फुगते, झाकण वर येतं, गार झालं की खाली बसतं. उन्हाळ्यात लई वाजतं. मला ते पटलं. उन्हाळा नव्हता आणि त्या खोलीला ऊन नव्हतं, तरी मी ते पटवून घेतलं.

पण वीस वर्षांची सवय हातातून जात नाही. बाळंतपणाच्या खोलीत असले की कळांमधलं अंतर मी मनातच मोजत असते. दुपारी एका बाईपाशी बसले होते, वही मांडीवर. तिच्या कळा बारा बारा मिनिटांनी येत होत्या. मी वेळा लिहीत होते. संध्याकाळी वही पाहिली तर शेजारच्या कोऱ्या पानावरही वेळा होत्या, माझ्याच अक्षरात. वीस मिनिटं. वीस. एकोणीस. त्या पानावर कुणाचंच नाव नव्हतं.

तो टण्ण मी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, सूर्य दिसलाच नाही. मी ठरवून खुर्ची टाकून बसले. आज वाजलं नाही तर उन्हाचा खेळ, आणि वाजलं तर छपराचा पत्रा, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. ते वाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा. दोन दिवसांनी अकरा. मग आठ. आवाजही बदलत होता. आधी चटकन वाजून थांबे. आता पत्रा हळूहळू ताणला जाई, ताणलेलाच राही, आणि मग सुटे.

घाबरले नाही असं म्हणत नाही. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. कमरेला किल्ली लटकवून तो माणूस समोरून जायचा, माझ्या "साहेब, नमस्कार"ला मान हलवायचा, आणि त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. दगडाबाईनं मात्र स्वतःहून पाळणे त्या भिंतीपासून काढले. मी का म्हणून विचारलं नाही.

५

शनिवारी सकाळी मनकर्णाला डोलीतून आणलं. तिसरं बाळंतपण. मूल आडवं, एक हात बाहेर आलेला. असलं बाळंतपण इथं होत नाही. मी गहिनीनाथला हाक मारली.

तो म्हणाला की टाकीत साहेबांनी मिसळायला लावलेलंच पेट्रोल आहे. काल सपाटीवर गाडी दोनदा बंद पडली. "घाटात न्हाई चढायची, शिस्टर. मी आत्ताच सांगतो."

साहेबांच्या कचेरीत टेबलाखाली एक कॅन होता, संगमनेरच्या ताज्या पेट्रोलनं भरलेला. सोमवारी त्यांना नगरला वार्षिक बैठकीला जायचं होतं. मी सरळ आत गेले आणि कॅन ओढला. त्यांनी वरून हात ठेवला. टाकीत पेट्रोल असताना हे कशाला, असं त्यांनी विचारलं. जुनं म्हणजे वाईट असं नसतं, गाळलेलं आहे, असंही म्हणाले. शांतपणे बोलत होते. तो शांतपणा मला सहन झाला नाही.

"साहेब," मी म्हटलं, "या वेळी मी सही करणार नाही."

त्यांचा हात कॅनवरून निघाला.

जुनं पेट्रोल टाकीतून काढायला गहिनीनाथला वीसेक मिनिटं लागणार होती. मी मनकर्णापाशी येऊन बसले. तिला दर दोन मिनिटांनी कळ येत होती. एक कळ ओसरली, तिनं डोळे मिटले, आणि भिंतीपलीकडचा पत्रा ताणू लागला. मग तो सुटला. लगेच तिची कळ. मग पुन्हा तिकडं. एकीची संपली की दुसरीची.

मनकर्णानं डोळे उघडले आणि भिंतीकडं पाहिलं.

"पल्याड कोन अडलंय, बाई?" तिनं विचारलं. "तिला आदी बगा. माजी कळ लहान हाय."

मी तिला म्हटलं की तिकडं कुणी नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. अडलेली बाई खोटं ओळखते.

६

काढलेलं पेट्रोल बादलीत होतं. ते अंगणात ओतलं तर ठिणगीचं भय, म्हणून गहिनीनाथनं ते परत पिंपात टाकायचं ठरवलं आणि साहेबांकडं किल्ली मागितली. साहेब स्वतः उठून आले. त्यांनी कुलूप काढलं आणि दार लोटलं. निघालो असं सांगायला मी तिथं पोचले होते, म्हणून मलाही दिसलं.

पुढची दोन पिंपं होती तशीच होती. तिसरं, भिंतीला लागून असलेलं, ते फुगलं होतं. पिंपाचं झाकण फुगतं हे मला ठाऊक होतं, गहिनीनाथनंच सांगितलं होतं. पण याची एक कूसच पुढं आली होती, एका बाजूला कललेली, गोल, घट्ट. पत्र्यावरचा रंग ताणून तडकला होता. त्या गोलाईवर, आतून, काहीतरी सरकलं. टाचेएवढं. डावीकडून उजवीकडं गेलं, थोडं थांबलं आणि आत ओढलं गेलं.

पोटावर हात ठेवून मी हे हजारदा पाहिलं आहे.

गहिनीनाथनं बादली दारातच ठेवली. त्यानं काय पाहिलं ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही. तो वळला आणि जीपकडं चालू लागला. साहेब उंबऱ्यावर उभे होते, हातात किल्ली. 

"किल्ली तुमच्याकडं आहे," मी म्हटलं. "तुम्ही थांबा इथं."

एवढं बोलून मी निघून आले. त्यांना तिथं सोडलं याचं मला वाईट वाटलं नाही.

जीप घाटात एकदाही अडखळली नाही. चांगुणा जिथं गेली त्या वळणावर गहिनीनाथनं डोक्यावरची टोपी काढली आणि वेग वाढवला. संगमनेरला मनकर्णाचं पोट फाडून मूल काढलं. मुलगा झाला. दोघंही वाचली.

७

रविवारी दुपारी परत आलो. कोठीचं दार सताड उघडं, आणि समोर आंब्याखाली साहेब बसलेले. कपडे कालचेच. दगडाबाई म्हणाली की काल आम्ही गेल्यापासून ते तिथंच आहेत, ना जेवले ना बोलले. तिला आत जाऊ दिलं नाही. आवाज ऐकलास का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली की काल दुपारी एकदा फार मोठा झाला. मग काहीच नाही.

मी साहेबांपुढं उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"मी हात लावला नाही, सिस्टर," ते म्हणाले.

"कशाला?"

त्यांनी ते वाक्य तेवढंच पुन्हा म्हटलं.

मी आत गेले. तिन्ही पिंपं रिकामी होती. तिसऱ्याची कूस आता आत गेली होती, पत्र्याला सैल वळ्या पडल्या होत्या. बूच जागच्या जागी घट्ट. जमिनीवर पेट्रोलचा एक डाग नाही, खोलीत वास नाही. भिंत गार. त्या पिंपामागच्या कोपऱ्यात मात्र फरशीवर एक जागा ओली होती, दोन ओंजळींएवढी. तिथून दारापर्यंत काही गेल्याची खूण मी शोधली. ती होती की नव्हती, हे मला सांगता येणार नाही. दाराशी उजेड फार होता.

बाहेर आले ती मी सरळ साहेबांपुढं गेले. एक दिवस आणि एक रात्र तो माणूस त्या दारासमोर बसला होता आणि त्यानं हात लावला नव्हता. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. महिन्याभरात राजीनामा देऊन ते निघून गेले, कुठं ते कळलं नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी मी दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं. चांगुणाच्या वेळी जीपमध्ये बिघाड नव्हता, पेट्रोल होतं, कुलपात होतं, आणि कुलूप तोडू नको असं सांगणारी मी होते. पत्राची पोच आली, उत्तर आलं नाही.

८

पत्र पाठवून भागणार नव्हतं. पुढच्या गुरुवारी मी राहीबाईच्या वाडीला गेले. डोंगरात दीड तासाची चढण. चांगुणा गेल्यावर राहीबाईचा मुलगा नाशिककडं कामाला निघून गेला होता, म्हातारी एकटीच राहत होती. वाटेत काय बोलायचं ते मी जुळवत होते.

ती घरात, खांबाला टेकून बसली होती. आढ्याला एक झोळी टांगली होती आणि तिच्या हातात झोळीची दोरी होती. शेजारणीचं मूल सांभाळत असेल, असं मला वाटलं. तिनं मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती दोरी ओढत ऐकत होती.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "पहार उचललेली मी बगितली हुती. वरांड्यातच हुते मी. तुमी न्हाई म्हनलात, त्ये बी ऐकलं. म्हनलं, बगू, कवा येती ही बाई सांगायला."

"राहीबाई, मी—"

"धा म्हैने लागले तुमाला."

तिच्या आवाजात चढ नव्हता. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि त्या मी घेईन, आणि मोकळी होईन. तिनं तेवढंही दिलं नाही.

खाली जायला वळणार, तेवढ्यात झोळी आतून हलली. वजनानं कापड ताणलेलं होतं. आवाज काही नव्हता. लहान मूल इतकं गप्प असलं की माझे पाय आपोआप त्याच्याकडं जातात, तसे ते गेले. कापडाची कड बाजूला करायला मी हात पुढं केला.

राहीबाईनं बसल्या जागेवरून माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुमी न्हाई," ती म्हणाली. "बगायचं हुतं तवा बगितलं न्हाई. आता आमचं आमी बगू."

मी हात मागं घेतला. तिनं माझ्याकडं पाठ केली आणि दोरी पुन्हा हातात घेतली. मी उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं. आत ती झोळीतल्याला हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती. शब्द ऐकू येत नव्हते. माझं नाव तेवढं कळलं.